नववी बारी

उंबरवाडीत गुढीपाडव्याला पंचांग वाचून झालं की बारी बोलतात. बारी म्हणजे पाटाच्या पाण्यातला ज्याचा त्याचा दिवस. ओढ्याला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाचं पाणी बारा दिवसांत बारा ठिकाणी फिरायचं. तेराव्या दिवशी पुन्हा पहिल्याकडं. कुणी कुणाच्या दिवसाला हात लावायचा नाही. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. भैरवनाथाच्या पारावर दौलतरावांच्या घरातला कर्ता माणूस उभा राहतो आणि बाराही बाऱ्या तोंडपाठ बोलतो. पहिली थोरल्या आळीची, दुसरी माळावरच्यांची, असं करत बारावीपर्यंत. ज्याची बारी त्यानं पुढं यायचं, नाथासमोर मांडलेल्या बारा विड्यांतला आपला विडा उचलायचा, आणि वर्षाचं ठरलं.

आता कुणी म्हणेल, पाणी आहे कुठं? नाहीच. पाट होता तिथं कंपनीची मागची भिंत आहे, आणि बंधाऱ्यात जे हिरवट साचलेलं असतं त्याला पाणी म्हणायची जीभ होत नाही. बावीस वर्षांपूर्वी जमिनी गेल्या आणि गाड्यांचे दिवे बनवणारी कंपनी आली. कंपनीनं सांगितलं, कामगारांची ने-आण करायला महिन्याला चार बस लागतील, त्या गावानं पुरवाव्यात. एवढी घरं आणि बस चारच! तीन आठवडे गाव भांडलं. आज्या-पणज्याच्या काळातली बांधाची भांडणं उकरून निघाली, ठरलेल्या दोन सोयरिकी मोडता मोडता राहिल्या. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, पाण्याच्या बारीनं लावा की. अर्ध्या तासात भांडण मिटलं. एप्रिलात पहिल्या चार, मेमध्ये पुढच्या चार, जूनमध्ये उरलेल्या चार, की पुन्हा पहिली. कंपनीतल्या साहेबानं विचारलं, ह्या यादीला आधार काय? माळावरचे यशवंतराव म्हणाले, "आधार कसला, बारी हाय ती." साहेबानं मान डोलावली. त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक.

दौलतराव आता एकसष्टचे. वडील गेल्यापासून सव्वीस वर्षं पारावर तेच बोलत आले. त्यांच्या घराला बाऱ्या दोन. पाचवी त्यांची स्वतःची आणि नववी नाथाची. नाथाचं जे काही असेल ते सांभाळायचं काम बारी बोलणाऱ्या घराचं, म्हणून पूर्वी नववीचं पाणी त्यांच्या उसाला जायचं आणि आता नववीची बस त्यांची जाते. याचं कुणाला काही वाटत नव्हतं. दौलतरावांना तर त्याचा अभिमानच होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

पाडव्याला आठ दिवस राहिले असताना ज्योतीराम पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला.

ज्योतीराम म्हणजे दौलतरावांचा ड्रायव्हर. औसा तालुक्यातला. सतरा वर्षांपूर्वी एक पिशवी आणि लायसन घेऊन आला तो इथलाच झाला. पहाटे चारला उठायचा, साडेपाचच्या आत गाडी घेऊन पहिल्या थांब्यावर. सतरा वर्षांत त्याच्या बसमुळे कंपनीची शिफ्ट एकदाही उशिरा सुरू झाली नाही. दौलतरावांना कुठं जायचं असलं तर मोटारही तोच चालवायचा. गावातल्या लग्नात वाढायला तो, मयतीला खांदा द्यायला तो. सगळी उंबरवाडी त्याला 'आपला ज्योतीराम' म्हणायची.

"आबा, गाडी घेतलो बगा," तो म्हणाला. फाटकाबाहेर एक पांढरी मिनीबस उभी होती. जुनीच, पण धुऊन-पुसून हार घातलेली. दौलतरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई हळदी-कुंकू घेऊन बाहेर गेल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं, काचेवर स्वस्तिक काढलं.

"झ्याक हाय गाडी," दौलतराव म्हणाले. "कुठं लावनार?"

"तेच इचाराय आलो. कंपनीत एक बारी मला द्या."

दौलतरावांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्यांचा मुलगा रविराज झोपाळ्यावर बसून मोबाइल बघत होता, त्यानंही मान वर केली.

"आरं बाबा," दौलतराव जरा थांबून म्हणाले, "बारी जमिनीची असती. ज्याची जमीन पाटाखाली हुती त्याची बारी. तुला कशी देणार?"

"ते मला ठावं हाय आबा. पर सतरा वर्षं झाली की." तो पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला. "समदं गाव आपला ज्योतीराम म्हणतंय. मला वाटलं, आपला म्हणजे आपलाच."

गाव खोटं बोलत नव्हतं. आपला म्हणायचं ते अगदी मनापासून. फक्त तसं म्हणताना कुणाच्या डोक्यात बारी नव्हती, आणि ऐकणाऱ्यानं सतरा वर्षांची सगळी शिल्लक त्या एका शब्दावर टाकली होती. उंबरवाडी चाकणला लागून, आणि चाकणच्या चारी अंगांना तीच तऱ्हा. ज्या गावाच्या जमिनीवर कंपनी, त्याच गावाच्या गाड्या तिच्या फाटकातून आत जाणार. उंबरवाडीत बारी नाही मिळाली तर ती मिनीबस दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या दारात उभीसुद्धा राहणार नव्हती.

"मग इकावी लागंल," ज्योतीराम म्हणाला. "यील त्या भावाला. मग गावाकडंच जातो आबा. पुन्यांदा पहिल्यापासनं सुरू करायचं बळ न्हाई आता. दिव्याचं तेवढं शेवटचं वर्ष हाय, तिला हितंच हॉस्टेलला सोडून जावं लागंल."

दिव्या त्याची मुलगी. आकुर्डीच्या कॉलेजात डिप्लोमा करत होती, तिथल्याच हॉस्टेलवर राहून.

तो गेल्यावर रविराज म्हणाला, "आबा, त्यानं आधी विचारायचं तरी. आणि तुम्ही मऊ पडू नका. जूनमधल्या नववीसाठी मी नवी बस बुक केलीय, विसरलात का?"

"न्हाई विसरलो," दौलतराव म्हणाले. ज्योतीरामनं जाताना दिलेला पेढा हातातच राहिला होता, तो त्यांनी पुन्हा पुड्यात ठेवला.

मारुंजीला दौलतरावांची आत्या राहायची. अंबुबाई. त्र्याऐंशी वर्षांची, ऐकायला कमी यायचं, पण जीभ शाबूत. तिच्या सासरच्या शेतात आता चार मजली इमारत उभी होती. हिंजवडीत कामाला जाणारी पोरं-पोरी तिथं भाड्यानं राहायची, आणि आत्या खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांच्या कपड्यांवर टीका करायची. पाडव्याआधी तिला साडी द्यायला जायचा दौलतरावांचा नेम होता. शनिवारी ते निघाले. गाडी अर्थातच ज्योतीराम चालवत होता. एरवी दोघं अखंड बोलायचे. त्या दिवशी तळवड्यापर्यंत कुणी तोंड उघडलं नाही, आणि तळवड्याला उघडलं ते "ट्रॅफिक लई हाय" एवढ्यापुरतंच.

आत्यानं दोघांनाही चहा दिला. ज्योतीरामला आधी, ही तिची जुनी रीत. मग साडीचा पोत बोटांनी तपासत तिनं विचारलं, "बारी पाठ हाय का अजून? का म्हातारचळ लागला?"

"पाठ हाय की," दौलतराव म्हणाले आणि गंमत म्हणून म्हणायला लागले. पहिली, दुसरी, तिसरी झाली. सातवीपाशी अडखळले. आत्यानं ती चटकन सांगितली, आणि तिथं न थांबता पुढं म्हणतच गेली. तोंडातल्या तोंडात, डोळे मिटून, जात्यावर बसल्यासारखी हलत. "आठवी कोपऱ्यावरच्यांची. नववी खंडू पाटकऱ्याची. धावी..."

"आत्या, थांब," दौलतराव म्हणाले. "नववी नाथाची."

"नाथाची कशी? नाथाला काय ऊस लावायचा हुता?" आत्यानं डोळे उघडले. "खंडू पाटकऱ्याची. तुझा आजा तसंच बोलायचा. मी घरात बसून ऐकलेली हाय."

मग तिनं सांगितलं ते असं. खंडूला जमीन नव्हती. वेशीबाहेर झोपडं होतं. बंधाऱ्यापासून शेवटच्या वावरापर्यंत पाटावरून चालत राहायचं, ज्याची बारी त्याच्याकडं पाणी वळवायचं, फुटलेला पाट बुजवायचा, आणि कुणी कितीही दमात घेतलं तरी दुसऱ्याच्या दिवसाचं पाणी सोडायचं नाही, हे त्याचं काम. गावाचं पाणी त्याच्या हातात, आणि त्याला प्यायलाही वरून ओतलेलं. तर त्या कामाबद्दल गावानं बारातली एक बारी त्याला दिलेली. तो ती कुणालाही द्यायचा आणि त्या बदल्यात धान्य घ्यायचा. आत्या लहान असताना त्याला भाकरी न्यायची, म्हणून तिला सगळं ठाऊक.

"मंग बहात्तरचा दुष्काळ पडला. पाटाला पाणीच न्हाई तर पाटकऱ्याला काय काम? खंडू पिंपरीला गेला, कारखान्यात. दोन वर्सांनी पाऊस झाला, पाट भरला. तुझा बाप पारावर हुबा राहिला आन् म्हनाला, नववी नाथाची. खंडू आला म्हायन्यानं. तुझ्या बापानं त्याला सांगितलं, तू नव्हतास म्हून बारी देवाला दिली. खंडू काय बोलंल? देवासंगं कसा भांडंल? नाथाच्या पायरीला हात लावला आन् गेला." आत्यानं साडी मांडीवर ठेवली. "तू बी हुतास तवा. त्याच्या खांद्यावर बसून पाटानं हिंडायचास."

दौलतरावांना ते आठवलं. घोंगडीचा वास, खाली वाहतं पाणी, आणि कुणाच्या तरी डोक्याचं मुंडासं दोन्ही हातांनी धरलेलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, तो त्यांच्या घरचा गडी होता.

"आत्या, आजवर कधी बोलली न्हाईस ती?"

"मला कुनी इचारलं? बारी बोलताना बायामानसांना पारावर बसवता व्हय तुमी? बापामागं तू बी तेच बोलतोस ते मला आत्ता कळतंय."

दौलतरावांनी वळून पाहिलं. ज्योतीराम रिकामा कप घेऊन दोन हात अंतरावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं कप खुर्चीखाली ठेवला आणि गाडी काढायला गेला.

परतताना तो काही बोलेल म्हणून दौलतराव वाट बघत होते. पुनावळं गेलं, रावेत गेलं. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. चिडून तरी काही सांगता आलं असतं. तो समोर बघून गाडी चालवत होता, नेहमीसारखी, खड्डा आला की आबांच्या पाठीला धक्का बसू नये म्हणून हळू करत. आकुर्डीला कॉलेजच्या फाटकाशी दिव्या उभी होती. शनिवारी ती घरी यायची, तिला घ्यायचं आधीच ठरलेलं.

"आबा, नमस्कार," ती मागं बसत म्हणाली. "पप्पा, बारी मिळाली का आपल्याला?"

ज्योतीरामनं गिअर टाकला.

"मी मैत्रिणींना सांगूनसुद्धा टाकलं," ती म्हणाली. मग तिलाच काहीतरी उमगलं असावं, कारण ती चाकणपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. ती आरशात दिसत होती. दौलतरावांना मान वर करवेना. आपण चोरी केलेली नाही, हे त्यांना पटत होतं. चोरीचं सव्वीस वर्षं खातोय, हेही पटत होतं.

उतरताना ज्योतीराम एवढंच म्हणाला, "आबा, चावी घरात देतो. सोमवारी शिफ्टला हायच मी."

रविराजला त्यांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं. रविराज वाईट मुलगा नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि जे बोलला त्यात खोट काढण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"आबा, पाट राहिला नाही, पाणी राहिलं नाही. पाटकरी कुठला? खंडूचे कुणी वारस आले तर बघू. पण ज्योतीरामचा आणि त्याचा संबंध काय? एकाला दिली की उद्या सगळे ड्रायव्हर पारावर येऊन बसतील. आणि सगळ्या गावासमोर आजोबांचं नाव घेणार तुम्ही? माझी बस येऊन पडणार, ती कुठं लावू?"

रुक्मिणीबाई पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मला तुमच्या बारीतलं काय कळत न्हाई. पर नाथाच्या म्होरं हुबं राहून, खोटं हाय हे ठावं असताना बोलू नका. न्हाई ठावं हुतं तवर ठीक हुतं."

पाडव्याला सकाळी दहाला पार भरला. गुढ्या उभ्या, कोरे कपडे, कडुलिंबाची चटणी हातावर घेऊन वाकडी झालेली तोंडं. गुरुजींनी पंचांग वाचलं. या वर्षी पाऊस बरा, धान्य महाग, नेहमीचंच. ज्यांच्या घरी बस त्यांचे ड्रायव्हर लांब चिंचेखाली उभे होते, ज्योतीरामही त्यांच्यात. ह्या महिन्यात कुणाच्या गाडीवर जायचं ते कळावं म्हणून ते दर वर्षी यायचे. नाथासमोर केळीच्या पानावर बारा विडे मांडले होते.

दौलतराव उभे राहिले आणि बोलायला लागले. पहिली थोरल्या आळीची. त्या आळीच्या कर्त्यानं विडा उचलला. दुसरी माळावरच्यांची, यशवंतराव उठून आले, गुडघ्यावर हात देत. पाचवी त्यांची स्वतःची. ती रविराजनं घेतली. सातवी अडखळली नाही. आठवी झाली. रविराज नववीसाठी पुन्हा अर्धा उठला होता.

"नववी," दौलतराव म्हणाले, आणि थांबले.

लोकांना वाटलं, विसरले. दोघा-तिघांनी एकदमच सांगितलं, "नाथाची, आबा."

"नाथाची न्हाई. नववी खंडू पाटकऱ्याची."

म्हातारी माणसं पारावर चार-पाच होती. त्यातल्या एकानं खाली बघितलं. बाकीच्यांना काही कळेना, म्हणून दौलतरावांनी सांगितलं. फार वेळ नाही लागला. खंडू कोण, त्याची बारी कशाबद्दल, दुष्काळ, पिंपरी. "मग माझ्या बापानं ती घेतली. देवाच्या नावावर घेतली, म्हून कुनी बोललं न्हाई. आन् त्याच्या मागं मी घेत आलो."

"आबा, गेलेल्या मानसाबद्दल चारचौघांत असं..." यशवंतराव म्हणाले.

"माझाच बाप हाय. मी न्हाई तर कोन बोलनार?"

मग यशवंतरावांचा पुतण्या बंटी उभा राहिला. त्याच्या दोन बस होत्या आणि त्याला घाई असायची. "झालं, मान्य. खंडूवर अन्याय झाला. पण आता पाट कुठं आहे? पाटकरी कुणाला म्हणायचं?"

"पाटकरी काय करायचा?" दौलतरावांनी विचारलं. "ज्याचं पानी त्याच्या रानात येळेवर पोचवायचा. आज पानी न्हाई, मानसं पोचत्यात. पहाटे साडेपाचला. बंटी, तुझ्या बसच्या स्टिअरिंगला तू शेवटचा हात कवा लावलास? मी तर कवाच लावला न्हाई. जमिनी आपल्या हुत्या म्हून अकरा बाऱ्या आपल्या. चालणाऱ्याची एक हुती, ती चालणाऱ्याची. सगळ्यांत जास्ती वर्सं चाकावर ज्योतीराम हाय. तो गाडी चालवंल तवर नववी त्याची. त्याच्यामागं ती पोराला न्हाई, इकता बी येनार न्हाई. ड्रायव्हरांत जो सगळ्यांत जुना आसंल त्याची."

"म्हणजे आमचे ड्रायव्हर उद्या..."

"एकच बारी हाय बंटी. बाराची चोवीस न्हाई करत मी."

सगळे यशवंतरावांकडं बघत होते, कारण वयानं आता तेच मोठे. ते कडुलिंबाची चटणी चघळत विचार करत होते. शेवटी म्हणाले, "आता बघा, नववी आमची तर कवाच नव्हती. जाती ती आबाच्या घरातनं जाती. आमचं काय जातंय?"

गाव मोठ्या मनाचं झालं ते असं. बोलणाऱ्यानं आपल्या ताटातलं उचलून दिलं होतं, ऐकणाऱ्यांना नुसती मान डोलवायची होती. पण न्याय असाही होतो, आणि झालेला नाकारायचा नसतो. रविराज तेवढा उठला, चपला घातल्या आणि कुणाकडं न बघता घरी निघून गेला.

ज्योतीरामला हाका गेल्या. तो चिंचेखालून आला, चपला काढून पायरी चढला आणि विड्यांसमोर उभा राहिला. विडा उचलेना.

"घे की," दौलतराव म्हणाले.

"आबा, खंडूचं आडनाव काय हुतं?"

दौलतरावांनी यशवंतरावांकडं पाहिलं, यशवंतरावांनी त्या चार-पाच म्हाताऱ्यांकडं. कुणालाच माहीत नव्हतं. गावाचं पाणी ज्याच्या हातात होतं त्याचं आडनाव गावात एकालाही ठाऊक नव्हतं. दौलतरावांना वडिलांचं सांगताना वाटली नव्हती एवढी लाज तेव्हा वाटली.

"न्हाई ठावं बाबा," ते म्हणाले.

ज्योतीरामनं मान हलवली, वाकून नाथाच्या पायरीला हात लावला आणि नववा विडा उचलून खिशात ठेवला.

जूनमध्ये त्याची मिनीबस कंपनीत लागली. रविराज पंधरा दिवस बापाशी बोलला नाही. नवी बस त्यानं शाळेला लावली, लग्नसराईत फिरवली, तोंडानं कुरकुरत राहिला आणि गाडी चालत राहिली. दिवाळीनंतर तो एकदा सकाळी दौलतरावांच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, तुम्हाला सातवी आठवत नाही, मला शिकवून ठेवा. आता त्याला बाराही येतात. नववीला आला की आवाज जरा चढतो, रागानं की कशानं ते दौलतरावांनी विचारलेलं नाही.

पुढच्या पाडव्याला दौलतराव आत्याला आणायला मारुंजीला गेले. साडी नेऊन देण्यापेक्षा या वर्षी तिलाच घरी आणायचं ठरलं होतं. मोटार रविराज घेऊन गेला होता, म्हणून ज्योतीराम आपली मिनीबस घेऊन आला. आत्या पार्किंगमध्ये तयार होऊन बसलेली. गाडीशी आली आणि पुढच्या काचेच्या वर रंगवलेल्या अक्षरांकडं बघत उभी राहिली. इतर गाड्यांवर तिथं देवाचं नाव असतं, नाहीतर पोरांची.

"काय लिवलंय रं? मला वाचता येत न्हाई."

"खंडू पाटकरी," ज्योतीरामनं वाचून दाखवलं.

आत्यानं हात वर केला. अक्षरांपर्यंत पोचला नाही, काचेलाच टेकला. "आन् तुझं नाव?"

"मला वळखत्यात की समदे."

त्यानं तिला दंड धरून आत घेतलं आणि खिडकीशी बसवलं. दौलतराव पुढं बसले. रावेत, आकुर्डी, तळवडे. आत्या वाटेतल्या प्रत्येक इमारतीखालचं शेत कुणाचं होतं ते सांगत आली. गावची कमान आली तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. ज्योतीरामनं घराकडं वळायचा दिवा लावला.

"घराकडं नगं," आत्या मागून म्हणाली. "पारापाशी घे. मला बारी ऐकायचीय. आन् खाली हुबी ऱ्हानार न्हाई, वर बसून ऐकनार."

ज्योतीरामनं गाडी हळू केली आणि दौलतरावांकडं पाहिलं. पारावर माणसं जमली होती, सगळी टोप्या-पागोट्यांची, केळीच्या पानावर बारा विडे मांडून झाले होते.

"घे पारापाशी," दौलतराव म्हणाले, आणि आत्याला हात द्यायला स्वतः खाली उतरले.